मदत हवी आहे: भिवंडीसाठी लोकलचं स्टेशन नेमकं कुठे मागावं?

नमस्कार. भिवंडीतले काही रहिवासी आणि रोज ठाणे-कल्याण-वसईकडे नोकरीला जाणारे मिळून आम्ही रेल्वेला निवेदन देणार आहोत. दिवा-वसई मार्गावर खऱ्या अर्थाने उपनगरी सेवा सुरू करा, ही मागणी सगळ्यांना मान्य आहे. घोडं अडलंय ते स्टेशनच्या जागेवर. बैठकीत सरळ दोन तट पडले आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. रेल्वेत नोकरी केलेलं किंवा नगररचनेतलं कळणारं इथे कोणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. यंत्रमाग तर आहेतच, शिवाय आता शहराभोवती गोदामांचा मोठा पट्टा उभा राहिला आहे. शहराला रेल्वे स्टेशन आहे, 'भिवंडी रोड', अंजूरफाट्याला. मार्ग दुहेरी आहे, विद्युतीकरण झालेलं आहे. पण गाड्या म्हणाल तर मोजक्या मेमू, म्हणजे विजेवर धावणाऱ्या कमी अंतराच्या पॅसेंजर गाड्या. एक चुकली की पुढची कधी, याचा भरवसा नाही. त्यामुळे इथला माणूस रेल्वेचा विचारच करत नाही. शेअर रिक्षा किंवा बस पकडायची आणि कशेळी-काल्हेरच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या मागे ताटकळायचं, हेच चालू आहे. डोंबिवलीत दर काही मिनिटांनी लोकल आहे आणि तिच्यापासून खाडीच्या पलीकडे असलेल्या आमच्या शहराला ती नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका गटाचं म्हणणं असं की डोंबिवलीजवळचं कोपर स्टेशन आणि भिवंडी रोड यांच्यामध्ये, मुंबई-नाशिक महामार्ग रुळांना ओलांडतो त्या बाजूला नवा हॉल्ट, म्हणजे छोटं थांब्याचं स्टेशन, मागावं. माणकोली, दापोडे, वळ इथल्या गोदामांत हजारो मुलं कामाला आहेत, त्यांना तो सोयीचा. मोटागाव-माणकोली पूल २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तिकडची वर्दळ वाढली आहे, हेही खरं. आताच्या स्टेशनवर २०२० पासून पार्सलची मोठी वाहतूक सुरू झाली, त्यामुळे तिथे प्रवाशांना न्याय मिळणार नाही अशी त्यांची भीती आहे.

मला स्वतःला अंजूरफाटाच योग्य वाटतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं स्थानक अंजूरफाट्याला होतंय, आणि लोकल व मेट्रो जिथे भेटतात तिथे स्टेशन आपोआप मोठं होतं. दुसरं म्हणजे महामार्गाच्या कडेला पायी येणारं कोण? रात्री कामावरून सुटलेल्या बाईने अवजड वाहनांच्या रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभं राहायचं, हे चित्र मला पटत नाही. अंजूरफाट्याला निदान वस्ती आहे, दुकानं आहेत, दिवे आहेत. पण नुसतं मला वाटतं म्हणून निवेदनात लिहिता येणार नाही. रेल्वे जागा ठरवताना काय बघते? नवा हॉल्ट मागितल्याने आहे त्या स्टेशनची मागणी कमजोर होते का? आणि पार्सल व प्रवासी एकाच आवारात नांदू शकतात का?

प्रतिसाद १

ताई, मी रेल्वेच्या स्थापत्य विभागातून निवृत्त झालोय. तुमच्या मार्गावर माझी नेमणूक नव्हती, पण नियम सगळीकडे सारखेच.

पहिली गोष्ट उताराची. स्टेशनच्या हद्दीत रूळ जवळपास सपाट हवेत, १:४०० (चारशे मीटरला एक मीटर) पेक्षा तीव्र उतार चालत नाही. उल्हास खाडीवरच्या पुलाकडे चढत जाणाऱ्या भरावावर फलाट मागितला तर फाइल तिथेच थांबेल. दुसरी गोष्ट, फलाट शक्यतो सरळ रुळांवर हवा. वळणावर डबा आणि फलाट यांत फट पडते, आणि त्यात माणसं जातात. बारा डब्यांच्या लोकलला साधारण २६० मीटर लांबी लागते. महामार्गाजवळ तेवढा सरळ, सपाट तुकडा आहे का, हे आधी नकाशावर बघा.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हा मार्ग मालगाड्यांचा आहे. जेएनपीटी बंदराचे कंटेनर गुजरात आणि उत्तरेकडे इथूनच जातात. मध्ये एक थांबा वाढवला की थांबणं आणि पुन्हा वेग घेणं धरून प्रत्येक गाडीमागे दीड-दोन मिनिटं जातात, आणि मागचा कंटेनर खोळंबतो. त्यामुळे गाड्यांची ये-जा बघणारा परिचालन विभाग नव्या हॉल्टला सहज हो म्हणत नाही. आहे त्या स्टेशनवर गाड्या वाढवा म्हणणं त्यामानाने सोपं.

पार्सलबद्दल: नांदू शकतात, पण ट्रकची वाट आणि माणसांची वाट वेगळी हवी. निवेदनात नुसतं 'सुविधा वाढवा' लिहू नका. 'पार्सलपासून स्वतंत्र प्रवेशद्वार, शहराच्या बाजूला तिकीटघर आणि मेट्रोपर्यंत छत असलेला पादचारी पूल' असं स्पष्ट लिहा. मेट्रोचं काम चालू आहे तोवरच ही जोडणी मागा. नंतर दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवतात.

प्रतिसाद २

मी जूचंद्रहून माणकोलीला गोदामात कामाला येतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमची अडचण स्टेशन लांब आहे ही नाही. भिवंडी रोडला उतरून शेअर रिक्षाने जाता येतं. अडचण ही की रात्रपाळी सुटते तेव्हा गाडीच नसते. उद्या माझ्या गोदामाच्या दारात हॉल्ट केला आणि गाड्या आताएवढ्याच ठेवल्या, तर मी मोटरसायकलच काढणार. तुमच्या निवेदनात पाळ्यांच्या वेळा जरूर टाका. आमच्याकडची बहुतेक पोरं त्यावर सही करतील.

शिवाय दिघा गावाचं उदाहरण आहेच. ठाणे-ऐरोलीच्या मधलं ते स्टेशन बांधून झाल्यावरही काही महिने बंद होतं, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. नवीन बांधकाम मागितलं की तेवढी वाट बघायची तयारी ठेवावी लागते.

धागाकर्ती

काका, उताराचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता. मनापासून आभार. आणि दादा, पाळ्यांचं तुम्ही सांगितलंत ते तर मी पहिल्या परिच्छेदातच घेणार आहे.

आता मसुदा असा करतेय: आधी भिवंडी रोडला पाळ्यांच्या वेळेला धरून गाड्या आणि कोपरला मुख्य मार्गाच्या लोकलशी जुळणारं वेळापत्रक, कारण तिथे वरच्या फलाटावरून खाली उतरलं की सीएसएमटीची गाडी मिळते. मग स्वतंत्र प्रवेशद्वार आणि मेट्रोची जोडणी. महामार्गाजवळच्या हॉल्टची थेट मागणी न करता व्यवहार्यता तपासावी, एवढंच लिहीन. दुसऱ्या गटालाही हे मान्य होईल असं वाटतं.

एक शेवटचं विचारते. प्रवासी किती मिळतील हे दाखवायला आम्ही धामणकर नाका आणि अंजूरफाटा इथल्या रिक्षा थांब्यांवर सकाळ-संध्याकाळ मोजणी करणार आहोत. माणूस कुठून आला आणि कुठे चाललाय, एवढं विचारलं तर पुरेल, की आत्ता लागणारा वेळ आणि भाडंही विचारावं? कोणी अशी मोजणी केली असेल तर त्याच्या तक्त्याचा नमुना इथे टाका.