शब्दचर्चा : ‘केन सिरप’ला काकवी म्हणावे, मळी म्हणावे की पाक?

विचारणा (गिरगाव)

पाककृतींच्या एका अमेरिकी पुस्तकाचे मराठी भाषांतर मी करीत आहे. त्यात ‘केन सिरप’ हा घटक वारंवार येतो. संपादकांनी ‘उसाचा पाक’ असा शब्द सुचवला आहे, एका सहकाऱ्याचे मत ‘मळी’कडे झुकते आणि मला स्वतःला ‘काकवी’ योग्य वाटते. परंतु मुंबईत वाढलेल्या पुष्कळ वाचकांनी काकवी चाखलेली नसते, त्यामुळे हा शब्द वापरून अर्थ पोहोचेल का, अशी शंका आहे. शिवाय दादरच्या दुकानांत मिळणाऱ्या बाटल्यांवर कधी ‘काकवी’ तर कधी ‘द्रवरूप गूळ’ असे छापलेले असते. हे दोन्ही एकच समजावेत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मुलुंड)

ताई, आपण निवडलेला शब्दच बरोबर आहे, आणि तो का बरोबर आहे हे पदार्थाच्या घडणीवरून ठरते.

गुऱ्हाळात चरकातून निघालेला उसाचा रस गाळून काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) घेतात आणि चुलाणावर आटवतात. रस तापू लागला की त्यातील गढूळपणा वर येतो. तो वेगळा व्हावा म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी पद्धत आहे. वर आलेला फेस झाऱ्याने काढून टाकतात आणि त्यालाही ‘मळी’च म्हणतात, पण साखर कारखान्यातील मळी वेगळी, तिच्याविषयी पुढे सांगतो. रस आटत आटत सुमारे १०५ ते १०६ अंश सेल्सिअसपर्यंत आला, त्याला मधासारखा दाटपणा आला, की त्या टप्प्यावर उतरवलेला पदार्थ म्हणजे काकवी. तीच पुढे ११८ अंशांच्या आसपास नेली, वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करण्याच्या उथळ जागेत, ओतून घोटली आणि थंड होऊ दिली की गूळ होतो. काकवी कधी उतरवायची आणि गुळासाठी कधी थांबायचे, हा निर्णय गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा. अनुभवी गुळव्याला तापमापकाची गरज भासत नाही, बुडबुड्यांचा आकार आणि उलथन्यावरून ओघळणारी धार त्याला पुरते.

आता आपल्या पुस्तकातील ‘केन सिरप’ पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः लुईझियानात, उसाचा रस उघड्या कढईत आटवून हा पदार्थ करतात. तेथील ॲबव्हिल या गावी १९१० पासून हा व्यवसाय चालत आला आहे. रस आटवायचा, त्यातून साखर काढून घ्यायची नाही, आणि गोठण्याआधी थांबायचे, ही तीनही लक्षणे काकवीला तंतोतंत लागू पडतात. चवीत थोडा फरक राहील, कारण उसाचे वाण, माती आणि आटवण्याची पद्धत वेगवेगळी आहे. पण शब्दासाठी तो फरक आड येत नाही.

‘मळी’ मात्र येथे मुळीच चालणार नाही. साखर कारखान्यात रसातून साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर जो काळपट, कडवट, दाट द्रव उरतो ती मळी. तिच्यापासून मद्यार्क आणि इथेनॉल तयार होते. म्हणजे काकवीत उसाची सगळी साखर असते आणि मळी ही साखर काढून घेतल्यानंतरची शिल्लक असते. महाराष्ट्रातील ऊस उत्पादक वाचकाने पाककृतीत ‘दोन चमचे मळी’ असे वाचले तर तो पुस्तक मिटून ठेवील. आपल्या पुस्तकात ‘मोलॅसिस’ (मळीचे इंग्रजी नाव) हाही घटक असेल, तर तो ‘मोलॅसिस’ असाच ठेवावा आणि एकदा तळटीप द्यावी, असे माझे मत आहे.

‘उसाचा पाक’ हा शब्द ऐकायला सोपा असला तरी दिशाभूल करतो. मराठी स्वयंपाकघरात पाक म्हणजे साखर किंवा गूळ पाण्यात विरघळवून शिजवलेला द्रव. तो एकतारी असतो, दोनतारी असतो, गोळीबंद असतो. ‘उसाचा पाक’ वाचणारी गृहिणी साखर आणि पाणी घेऊन बसेल. ‘द्रवरूप गूळ’ या शब्दाबद्दल माझा आक्षेप सौम्य आहे, पण आक्षेप आहेच. काकवी ही गुळाच्या आधीची अवस्था आहे, विरघळवलेला गूळ नव्हे. गुळाच्या पाण्याला आपल्याकडे ‘गुळवणी’ हा सुंदर शब्द आहे आणि पुरणपोळीबरोबर ती खाल्ली जाते. तिला कोणी काकवी म्हणत नाही.

विचारणा (गिरगाव)

मनःपूर्वक आभार. आणखी दोन गोष्टी विचारते. काही कृतींत ‘गोल्डन सिरप’ आहे, तेथेही काकवी चालेल का? आणि काकवी थेट दुधात घालण्यास सांगणारी कृती योग्य आहे का?

उत्तर (मुलुंड)

गोल्डन सिरप वेगळे. लंडनमध्ये १८८०च्या दशकात अब्राम लाइल यांच्या कारखान्यात साखर शुद्ध करताना राहिलेल्या द्रवापासून ते करू लागले. त्यातील साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभागलेला असतो, म्हणून ते गोठत नाही. तेथे मूळ नावच ठेवावे. पर्याय म्हणून काकवी सुचवता येईल, परंतु रंग गडद होईल आणि उसाचा वास जाणवेल, हे वाचकाला सांगणे आवश्यक आहे.

याच कारणाने बाटलीतल्या काकवीविषयी एक सूचना करतो. पुष्कळ उत्पादक काकवीत खडे बनू नयेत म्हणून थोडे सायट्रिक आम्ल घालतात, आणि त्यानेही साखरेचे तसेच विभाजन होते. भाकरी, घावन, आंबोळी किंवा थालीपिठाबरोबर तूप घालून खायला ती उत्तम. पण तीच आटवून वड्या पाडू गेल्यास त्या नीट धरत नाहीत. त्यासाठी चिक्कीचा गूळच घ्यावा.

दुधाबाबत आपली शंका रास्त आहे. काकवी किंचित आम्लधर्मी असल्यामुळे उकळत्या दुधात घातल्यास दूध फाटण्याची भीती असते. खीर आचेवरून उतरवून कोमट झाल्यावर ती मिसळावी. केकमध्ये मात्र हीच आम्लता खाण्याच्या सोड्याला उपयोगी पडते. तेवढे इतर द्रव पदार्थ कमी करावेत, कारण काकवीत पाण्याचा अंश असतो.

कोणाला घरी करून पाहायची असल्यास रसवंतीवाल्याकडून बर्फ, लिंबू आणि आले न घालता ताजा रस घ्यावा आणि लगेच आटवायला ठेवावा, कारण उसाचा रस फार लवकर आंबतो. पाच लिटर रसाची सुमारे एक लिटर काकवी होते.

उत्तर (वसई)

वरील विवेचनाशी सहमत आहे. केवळ भर घालतो. संस्कृतात आटवलेल्या उसाच्या रसाला ‘फाणित’ असा शब्द आहे. पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आजारी भिक्खूंना चालणाऱ्या पाच औषधांत तूप, लोणी, तेल आणि मध यांच्याबरोबर फाणिताचा उल्लेख येतो. तो शब्द अभ्यासाच्या ग्रंथात शोभेल, पाककृतीत नको. हिंदीतील ‘राब’ हा शब्द काही भाषांतरांत जसाच्या तसा उचललेला दिसतो, तोही टाळावा. राब दाट असते आणि तिच्यात साखरेचे कण धरलेले असतात. शिवाय कोकणात आणि आमच्या भागात ‘राब’ म्हणजे भाताचे रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून भाजलेली जमीन.

व्याकरणाच्या दृष्टीने काकवी स्त्रीलिंगी आहे आणि तिचे अनेकवचन सहसा वापरत नाहीत. ‘पाव वाटी काकवी घालावी’, ‘पीठ काकवीत भिजवावे’ अशी रचना करावी. पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘काकवी, म्हणजे गूळ होण्याआधी उतरवलेला उसाचा आटीव रस’ एवढे स्पष्टीकरण दिले, तर मुंबईच्या वाचकालाही पुढे अडचण येणार नाही.