स्टीम व्हॉल्व्हच्या सीटला स्टेलाईट 6 च कशाला?

व्हॉल्व्हवाला_सांगली:
साखर कारखान्यांच्या कोजन (वाफेवर वीज बनवणाऱ्या) लाइनचे व्हॉल्व्ह आमच्याकडे रिपेअरला येतात. ड्रॉइंगवर डिस्क आणि सीट (व्हॉल्व्ह बंद होताना एकमेकांवर बसणारे भाग) दोन्हीला स्टेलाईट 6, म्हणजे कोबाल्टच्या कडक मिश्रधातूचा वेल्ड करून दिलेला थर. रॉड प्रचंड महाग, त्यामुळे पार्टी म्हणते हार्ड केलेलं 410 स्टेनलेस लावा, हार्डनेस तर दोन्हीचा 40 एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) आसपासच येतो. काय सांगायचं त्यांना?

धातुवेडा:
हार्डनेस थंड असताना मोजलाय ना, तिथेच गफलत आहे. 410 चा हार्डनेस हीट ट्रीटमेंटने आणलेला, 500 डिग्रीच्या घरात सतत राहिलं की ते हळूहळू नरम पडतं. स्टेलाईटमध्ये कोबाल्टच्या बेसमध्ये 28 टक्के क्रोमियम, साधारण साडेचार टक्के टंगस्टन आणि सव्वा टक्क्याच्या आत कार्बन असतो, त्यातून क्रोमियमचे कडक कार्बाइड ओतीव अवस्थेतच तयार होतात, म्हणून तापलं तरी दम टिकतो. दुसरं म्हणजे डिस्क-सीट कोरडी घासली की स्टेनलेसवर स्टेनलेस चिकटतं, ओरखडे पडतात आणि मग स्टीम गळते. कोबाल्ट बेस तसा सहजी चिकटत नाही. पैसे या गुणाचे आहेत. अमेरिकेच्या एलवुड हेन्सने 1907 ला कोबाल्ट-क्रोमियमचं पेटंट घेतलं, टंगस्टन त्याने नंतर घातलं, आणि आजही सीटसाठी तोच वंश चालतोय.

टिग_भोसरी:
माल भारी घेऊन वेल्डिंग चुकीचं केलं तर सगळं पाण्यात. जॉब मोठा असेल तर वेल्डिंगआधी 300 डिग्रीच्या वर तापवून घ्या (प्रीहीट), करंट कमी, आणि झाल्यावर लगेच व्हर्मिक्युलाईटमध्ये (उष्णता धरून ठेवणारं हलकं खनिज) पुरून सावकाश गार होऊ द्यायचं, पंख्याखाली ठेवलं की टिक्‌ आवाज येतो, क्रॅक जातो आणि डीपी टेस्टला (रंग लावून क्रॅक शोधायची तपासणी) लाल रेघ दिसतेच. एका थरावर थांबू नका, खालचं लोखंड वितळून वर मिसळतं आणि नावाला स्टेलाईट उरतं. दोन थर मारा, मशीनिंगनंतर दीड-दोन एमएम तरी शिल्लक राहू दे.

अणु_प्लांट_निवृत्त:
एक भर घालतो, अणुभट्टीच्या पाण्याच्या लाइनवर मात्र हेच स्टेलाईट डोकेदुखी. झिजलेले कण गाभ्यात पोचले की कोबाल्ट-59 चं किरणोत्सारी कोबाल्ट-60 होतं, अर्धायुष्य 5.27 वर्षं, मेंटेनन्सवाल्यांना किरणोत्सर्गाचा डोस त्याचा बसतो. तिथे लोखंड बेसचे पर्याय शोधतात. तुमच्या कारखान्याला तो प्रश्नच नाही, बिनधास्त वापरा.

व्हॉल्व्हवाला_सांगली:
धन्यवाद सगळ्यांना. टिग भाऊ, आम्ही आतापर्यंत एकच थर देत होतो. जुना थर पूर्ण काढून मग दोन मारायचे का?

टिग_भोसरी:
हो, ग्राइंड करून बेस मेटलपर्यंत जा, डीपी करा, क्रॅक नसेल तरच वेल्ड सुरू करा.