आजारी कोंबडीला खायला काय द्यावं?

पिसारा:
आमची एक कोंबडी कालपासून खाद्याला चोच लावत नाही. पिसं फुलवून कोपऱ्यात उभी असते, तुरा फिका पडलाय. पाणी थोडंथोडं पिते. बाकीच्या ठणठणीत आहेत. पशुवैद्यांनी उद्या बोलावलंय. तोवर तिला आवडेल आणि बाधणार नाही असं काय देऊ? घरात अंडी, भात, ओट्स, दही, कलिंगड आहे. वाळवलेल्या अळ्याही आहेत, त्या म्हणजे तिचा जीव की प्राण.

तलंग:
खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, तर नाही ना ती? खुडूक कोंबडीचंही खाणं कमी होतं, फुगून बसते, तुराही फिकटतो. पण ती अंड्याच्या खोक्यातून हलत नाही आणि हात नेला की अंगावर येते. दिवसातून एखाद-दोनदा उठते, भलीमोठी, घाण वासाची शिट टाकते आणि परत खोक्यात.

पिसारा:
नाही, खोक्याकडे फिरकतही नाही. उचललं तरी गप्प, डोळे मिटून घेते. शिट पातळ आणि हिरवट आहे.

खुराडेकर:
मग खुडूक नाही. हिरवट शिट म्हणजे बऱ्याचदा पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतंय.

आधी तिची गळ्याखालची पिशवी, क्रॉप, चाचपा. छातीच्या वरच्या अंगाला, तिच्या उजव्या बाजूला असते. खरी पारख सकाळी दाणापाणी द्यायच्या आधी होते, कारण निरोगी कोंबडीची पिशवी रात्रभरात रिकामी होते. सकाळीही घट्ट गोळा लागला तर आत काहीतरी अडकलंय. पिचपिचीत लागली आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आतलं अन्न आंबलंय. दोन्ही वेळा खाऊ पूर्ण बंद, फक्त पाणी, आणि थेट डॉक्टर. उलटी धरून ओकारी काढायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. ते पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी हातातच जाते.

पिशवी ठीक असेल तर तिचंच रोजचं लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य कोमट पाण्यात सैलसर कालवा. हे ऐकायला मिळमिळीत वाटतं, पण त्यात साधारण १६ टक्के प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं मापात असतं, आणि घासागणिक पाणीही पोटात जातं. त्यात उकडलेलं अंडं कुस्करून घाला, मीठ-तेल काही नाही. वर तिच्या लाडक्या अळ्या, त्याही भिजवून, तीन-चार पेरा. त्यांच्यासाठी टोचायला लागली की खालचं कालवणही चोचीत जातं. अळ्यांचं काम तेवढंच.

भाताने अपाय नाही, पण नुसतंच पोट भरतं. ओट्स भिजवून चमचाभर चालतील. कलिंगड पाण्यापुरतं, एखादी फोड. दही मी देणार नाही. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्यांच्या पोटात जवळजवळ नसते आणि शिट आधीच पातळ आहे.

शिवाय ऊब द्या. कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ अंशांचं. ती गारठली की पचन मंदावतं आणि दिलेलं तसंच पडून राहतं. खोक्याची एकच बाजू उबदार ठेवा, नको वाटलं तर तिला सरकता आलं पाहिजे.

सांजपाखरू:
+१. सिरिंजने भरवायचा मोह आवरा. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं भोक असतं, घशात पिचकारी मारली की पाणी सरळ तिकडे. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

आणि ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, कच्चा राजमा, हिरवा पडलेला बटाटा, खारट आणि बुरशी आलेलं काहीही अजिबात नको. "तिला हवंय म्हणून" सुद्धा नको.

मोकळंरान:
पाण्यात ॲपल सायडर व्हिनेगर आणि लसूण घाला, व्हिटॅमिनचे थेंबही. माझ्या कोंबड्यांना मी नेहमी देतो.

खुराडेकर:
निरोगी कोंबडीला द्या हवं तर. आजारी असताना पाण्याची चव बदलली आणि तिने पाणीच सोडलं तर काय? पत्र्याच्या भांड्यात तर व्हिनेगर नकोच, जस्त पाण्यात उतरतं.

व्हिटॅमिनचंही उद्यापर्यंत थांबवा. कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा आजार, निघाला तर बहुधा ॲम्प्रोलियम देतील. त्या औषधाची रचना व्हिटॅमिन बी-१ सारखी असते, परजीवी फसतात आणि बी-१ विना उपाशी मरतात. आपणच वरून बी-१ ओतलं तर औषध वाया. पाण्यात काही घातलंच असेल तर डॉक्टरांना सांगा. ताजी शिट पिशवीत घालून सोबत न्या, तपासायला उपयोगी पडते.

तलंग:
तिला वेगळं ठेवलंय ना? हाताळल्यावर हात साबणाने धुवा. बाकीच्याही पटापट मान टाकायला लागल्या तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय विभागाला लगेच कळवा, तो बर्ड फ्लूही असू शकतो.

पिसारा:
सगळ्यांचे आभार. पिशवी मऊ आणि जवळजवळ रिकामी लागली, वास नाही. दिव्याजवळ खोकं ठेवलं. बराच वेळ ढिम्म. मग अळ्या उचलल्या, आणि चोचीला चिकटलेलं कालवण झटकता झटकता थोडं गिळलंही. बाकीचं तसंच आहे, रात्रभर ठेवू का? आणि औषध सुरू झालं तर तिची अंडी खायची का?

खुराडेकर:
ओलं खाद्य काही तासांत आंबतं, काढून टाका. थोडं थोडं ताजं करून द्या. वाटीभर पाणी मात्र तिच्या चोचीशी राहू द्या. सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ठेवा, पिसांमुळे रोडावलेली कळत नाही.

अंड्यांचं प्रत्येक औषधाला वेगळं आहे. किती दिवस टाकून द्यायची ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आणि ती टाकायची अंडी उकडून बाकीच्या कोंबड्यांना घालू नका.