टीएफटीपीने फाइल पूर्ण जाते, तरी राऊटर सुरू होत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. घरच्या राऊटरवर मूळ फर्मवेअरच्या (राऊटर चालवणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरच्या) अपग्रेड पानावरून ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारित मुक्त फर्मवेअर टाकताना माझ्याकडून ‘फॅक्टरी’ (मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा टाकण्याच्या) फाइलऐवजी ‘सिसअपग्रेड’ (आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राऊटरसाठीची) फाइल निवडली गेली, आणि तेव्हापासून तो पूर्ण सुरूच होत नाही. पॉवरचा दिवा लुकलुकतो, बाकीचे दिवे एकदम लागून विझतात, आणि थोड्या वेळाने तोच क्रम पुन्हा सुरू होतो.

बूटलोडर (चालू होताच फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) शाबूत असावा, असे मला वाटते. कारण संगणकाला १९२.१६८.१.२ हा स्थिर पत्ता देऊन राऊटर चालू केला, की पहिल्या काही सेकंदांत १९२.१६८.१.१ वरून पिंगला उत्तर येते आणि त्यातला टीटीएल (उत्तराच्या पॅकेटवरचा आयुर्मर्यादेचा आकडा) १०० असतो, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या ६४ पेक्षा वेगळा. त्या अवधीत टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) बायनरी मोडमध्ये निर्मात्याचे मूळ फर्मवेअर पाठवले; फाइल शेवटपर्यंत गेली, दहा मिनिटे वीज तोडली नाही, तरीही परिस्थिती जैसे थे आहे. कर्नलपर्यंत (फर्मवेअरच्या गाभ्यापर्यंत) गाडी पोहोचतच नसल्याने ओपनडब्ल्यूआरटीच्या फेलसेफ मोडचाही (दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेचाही) उपयोग नाही.

मूळ फाइलच्या सुरुवातीचा हेडर (फाइलची माहिती देणारा भाग) काढून ती पाठवावी लागते का, आणि त्याआधी एनव्हीरॅम (राऊटरच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी) पुसणे योग्य ठरेल का? दुसरा मार्ग सिरियल कन्सोलचा, म्हणजे बोर्डाला थेट तारा जोडून बूटलोडरशी बोलण्याचा. माझ्याकडे त्यासाठी लागणारा ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर आहे (हा टीटीएल पिंगमधल्या टीटीएलपेक्षा वेगळा), परंतु बोर्डावरच्या चार छिद्रांपैकी ग्राउंड आणि टीएक्स (माहिती बाहेर पाठवणारे छिद्र) मल्टिमीटरने खात्रीने कसे ओळखावेत, हे कृपया कोणी अनुभवी सदस्याने सविस्तर सांगावे. चुकीच्या जोडणीने उरलासुरला बूटलोडरही गमवायचा नाही.