केंड्रिक लमारची धार गेली का?

विश्रामबागकर:
स्पष्टच लिहितो, शिव्या नंतर घाला. अमेरिकन रॅपर केंड्रिकचा खरा काळ २०१२ ते २०१७, बास. 'गुड किड, मॅड सिटी' या अल्बमात लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या पोराचा एक दिवस आहे: आईची गाडी, टोळकं, घरफोडी, मित्राचा खून. २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'मधलं 'ऑलराइट' तर पोलिसांविरुद्धच्या मोर्चांत लोक रस्त्यावर म्हणायला लागले. २०१७ च्या 'डॅम'ला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या संगीताला ते पहिल्यांदाच गेलं. मग काय? २०२२ ला 'मिस्टर मोराल', म्हणजे स्वतःच्या थेरपीचा जमाखर्च. २०२४ ला ड्रेक या दुसऱ्या रॅपरशी भांडण आणि फेब्रुवारी २०२५ ला सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या मध्यंतराच्या कार्यक्रमात, तेच भांडण कोट्यवधींसमोर. अण्णाभाऊंच्या जिल्ह्यातल्या माणसाला शाहिरी कुठली आणि भाऊबंदकी कुठली, हे सांगावं लागत नाही.

वाळव्याचा पाव्हणा:
अण्णाभाऊ काढलेच आहेस तर नीट काढ की लगा. 'माझी मैना गावावर राहिली' सुरू कुठनं होते? बायकोला मागं ठेवून मुंबईला आलेल्या गड्याच्या तळमळीनं. बेळगाव, कारवार, निपाणी नंतर. 'मिस्टर मोराल'मधलं 'मदर आय सोबर' ऐकलंस का? आई लहान पोराला विचारते, नात्यातल्या त्यानं तुला हात लावला का? पोरगं नाही म्हणतं, कुणाचा विश्वास बसत नाही. पुढं कळतं, भोगलं होतं ते आईनं. तिथनं गाणं मागं मागं जात गुलामगिरीपर्यंत पोचतं. हा जमाखर्च?

विश्रामबागकर:
मैना घरातनं निघून सीमाभागात जाते, ऐकणारा मोर्चात जातो. हा मोर्चातनं उठून घरात जाऊन बसला. दिशाच उलटी आहे.

मिरजकर तानपुरा:
तुम्ही दोघं नुसते शब्द धरून बसलाय. 'बटरफ्लाय'ची बांधणी बघा. गाण्यांच्या मध्ये एक कविता येते, दर वेळी थोडी पुढं सरकते. शेवटी ती सगळी वाचून दाखवतो कुणाला, तर आधीच्या पिढीतल्या रॅपर टुपाकला. टुपाक गेला १९९६ ला. त्याच्या जुन्या मुलाखतीतली उत्तरं कापून संवाद जुळवलाय. शेवटचा प्रश्न केंड्रिक विचारतो आणि पलीकडनं आवाजच येत नाही. कामासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन, थंडरकॅटचं बेस गिटार, हे वेगळंच. त्यापुढं २०२४ चं 'जीएनएक्स' मला पातळ वाटतं. बारा गाणी, व्यायामशाळेत बरी. पण 'मोराल'ला हात लावू नका.

कुपवाडचा डीजे:
पातळ? मिरवणुकीत लावून बघा की राव, मग बोला 😄 आणि सुपर बोलमध्ये भांडणच दिसलं का तुम्हाला? लाल, पांढऱ्या, निळ्या कपड्यांतल्या काळ्या नर्तकांनी अमेरिकेचा झेंडा केला, त्याचे दोन भाग करून हा मधोमध उभा. अंकल सॅम, म्हणजे अमेरिकी सरकारचं प्रतीक असलेला म्हातारा, झालेला नट सॅम्युएल जॅक्सन त्याला मध्येच झापतोय, फार आवाज करतोस म्हणून. राष्ट्राध्यक्ष स्टेडियममध्ये. आणखी काय पाहिजे, पत्रक वाटायचं?

विश्रामबागकर:
झेंडा झकास होता. पण लोक नाचले कुठल्या गाण्यावर? ड्रेकला झोडणाऱ्या 'नॉट लाइक अस'वर. त्यालाच पाच ग्रॅमी.

तासगावची लेक:
धार गेली-आली जाऊ द्या, माझी अडचण वेगळीच आहे. ज्या 'मोराल'मध्ये 'मदर आय सोबर' आहे, त्याच अल्बमवर रॅपर कोडॅक ब्लॅकला पुन्हा पुन्हा बोलावलंय. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात अखेर मारहाणीचा गुन्हा कबूल केलेला माणूस. आईच्या वेदनेवर रडवायचं आणि शेजारी याला बसवायचं.

वाळव्याचा पाव्हणा:
मुद्दामच बसवलाय ताई. मार खाल्लेलीच माणसं पुढं मारतात, हेच तर तो दाखवतोय. सगळे चांगलेच लोक घेतले असते तर अल्बम खोटा झाला असता.

तासगावची लेक:
दाखवायचं असेल तर त्याच्याविषयी गा. माईक त्याच्या हातात देणं वेगळं. आणि जिनं तक्रार केली तिच्या बाजूचं एक कडवं तरी आहे का त्या अठरा गाण्यांत? असेल तर सांगा, मी ऐकते.