मदत हवी आहे : ओवाटोना येथील बँकेच्या इमारतीविषयी मराठी शब्द

नमस्कार. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ओवाटोना या लहान गावाच्या मध्यभागी, वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी उभारलेली नॅशनल फार्मर्स बँकेची इमारत आहे. तिच्यावर मी मराठीत लेख लिहीत आहे. १९०८ मध्ये पूर्ण झालेल्या आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळालेल्या या इमारतीचे वर्णन करताना माझे शब्द अपुरे पडत आहेत.

बाहेरून पाहिल्यास ती तांबड्या विटांची, जवळजवळ घनाकृती पेटी आहे; मात्र रस्त्याकडील दोन बाजूंना रंगीत काचांच्या प्रचंड कमानी आहेत, आणि त्यांतून झिरपणाऱ्या हिरवट-सोनेरी उजेडात आतला सारा दालनभाग न्हाऊन निघतो. भिंतींवर ऑस्कर ग्रॉस यांनी रंगवलेली गायींची व कापणीची चित्रे आहेत. शेतकऱ्यांच्या बँकेला इतक्या मानाने सजवावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझी अडचण नक्षीपाशी आहे. सलिव्हन यांचे सहकारी जॉर्ज एल्मस्ली यांनी रेखलेली पानाफुलांची गुंफण भाजलेल्या मातीत घडवलेली आहे. तिला ‘वेलबुट्टी’ म्हटले तर कापड डोळ्यांपुढे येते, ‘मृण्मय शिल्प’ म्हटले तर स्वतंत्र मूर्ती. आपल्याकडील गवंडी किंवा मंदिरांच्या जीर्णोद्धाराचे काम करणारे कारागीर भिंतीत बसवलेल्या अशा नक्षीला काय म्हणतात, हे कृपया सांगावे. ज्यांनी ही इमारत आतून पाहिली आहे, त्यांनी दिवसाच्या कोणत्या वेळी कमानींतला उजेड सर्वांत खुलतो, तेही कळवावे.