मदत हवी आहे: भाऊ क्लोझापिनवर घरी आलाय, पुढच्या तारखेपर्यंत घरी काय काय बघायचं?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असताना सुरू झाला. आधीची दोन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन झाली, पण कानात येणारे आवाज थांबले नाहीत. म्हणून या वेळी अ‍ॅडमिट असताना डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. त्याचा फरक दिसतोय. फोनवर त्याने आपणहून विचारलं, "ताई, जेवलीस का?" आमच्या घरात हे किती मोठं आहे ते इथल्या काहीजणांना नक्की कळेल.

आता डिस्चार्ज मिळून तो गावी आहे. तासगाव तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे. घरी तो आणि आई दोघंच. मी पिंपरीत नोकरीला, सुट्टी मिळेल तशी जाते.

वॉर्डात सगळं सिस्टर बघायच्या. गोळी हातावर ठेवायच्या, पाणी प्यायला लावायच्या आणि मग दोन मिनिटं त्याच्याशी क्रिकेटवर बोलत उभ्या राहायच्या. गालात गोळी धरली असेल तर बोलताना कळतंच. रोज सकाळी बीपी, नाडी, ताप आणि "शौचाला झाली का?" हा प्रश्न न चुकता. घरी येताना आमच्या हातात आलं ते डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पिशवी आणि पुढची तारीख. सिस्टर जे करत होत्या ते आता आईने कसं करायचं, हे तिला कुणी बसवून सांगितलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात डिस्चार्जच्या वेळी पुढच्या उपचारांची आखणी पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून करायची तरतूद आहे. सिस्टरांवर माझा अजिबात राग नाही, त्यांच्यावर कामाचा किती बोजा होता ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आईला रोज सकाळी उठून नेमकं काय बघायचं ते कळायला हवं.

अडलंय ते असं. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं आहे. रिपोर्टमध्ये नेमका कोणता आकडा बघायचा? वॉर्डात बिडी बंद होती, आता तो बांधावर बसून ओढतो. आई म्हणते, ओढू दे, निदान शांत बसतो. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे का? कधीकधी गोळी नको म्हणतो, तर शेजारच्या काकूंनी भाजीत कुस्करून द्यायला सांगितलंय. दिवसभर पडून असतो, मग आई चिडते, आवाज चढतो आणि संध्याकाळ वाईट जाते.

एक विनंती. देवऋषी, गंडेदोरे आमचं सगळं करून झालंय. औषध बंद करून दुसरं काही घ्या, असं कृपया सुचवू नका. ज्यांनी मनोविकार विभागात नर्सिंग केलंय किंवा घरी असा पेशंट सांभाळलाय, त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, मनोरुग्णालय आणि नंतर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम)

ताई, आधी बिडीचं बोलते, कारण ते सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरातल्या बाकीच्या घटकांमुळे होतं. म्हणून तंबाखू मळून खाणाऱ्याला हा फरक पडत नाही, बिडी ओढणाऱ्याला पडतो. तुमच्या भावाचा डोस बिडी बंद असताना ठरलाय. आता तो ओढतोय म्हणजे रक्तातलं औषध कमी पडू शकतं, आवाज परत येऊ शकतात. उलट, उद्या कुणी शपथ घालून बिडी एका दिवसात सोडायला लावली, तर तेच औषध अंगात वाढेल. गुंगी, लाळ, अगदी फिटसुद्धा येऊ शकते. सोडायला हवीच, पण डॉक्टरांना सांगून. दिवसाला साधारण किती ओढतो ते आजच फोन करून कळवा.

रक्ताचं. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, नेमका आकडा बघायचा. क्लोझापिनने या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ही तपासणी. छोट्या लॅबमध्ये बहुधा फक्त टक्के देतात. तेव्हा एकूण पांढऱ्या पेशी ६००० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के असतील, तर ६००० चे ६० टक्के म्हणजे ३६००. हा आकडा १५०० च्या खाली गेला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, तर आठवड्याच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. गावातल्या डॉक्टरांकडून पॅरासिटामॉल घेऊन झोपवू नका, क्लोझापिन चालू आहे हे त्यांना आधी सांगा. सुरुवातीच्या महिन्या-दोन महिन्यांत तापाबरोबर छाती दुखली, धडधड किंवा धाप वाटली, तर सरळ हॉस्पिटल गाठा. हृदयाला सूज येऊ शकते.

शौचाचा प्रश्न सिस्टर रोज विचारायच्या कारण हे औषध आतडं मंद करतं. लोक लाजतात, सांगत नाहीत आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं. आईला सांगा, चहा देताना विचारायचं. दोन दिवस झाली नाही तर डॉक्टरांना कळवायचं. पोट फुगलं, दुखायला लागलं, उलटी झाली तर थांबायचं नाही. रात्री लाळ गळेल, उशीवर जुना टॉवेल घाला, कुशीवर झोपवा. सकाळी अंथरुणातून एकदम उठू देऊ नका, चक्कर येते.

भाजीत कुस्करून मुळीच नको. एक तर ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो आईच्या हातचं जेवणार नाही. वॉर्डात असे पेशंट मी पाहिलेत, मग जेवणच बंद होतं. दुसरं म्हणजे किती पोटात गेली आणि किती ताटात राहिली हे कळत नाही. क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं, तर पूर्ण डोस परत देता येत नाही, डॉक्टर १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत नेतात. त्यामुळे गोळी चुकली तर ती वहीत लिहायची आणि आई ओरडणार नाही याची त्याला खात्री हवी, तरच तो खरं सांगेल. नको का म्हणतो तेही विचारा. बहुतेक वेळा गुंगी किंवा लाळ हे कारण निघतं आणि त्यावर डॉक्टरांना वेळ किंवा डोस बदलता येतो.

पडून राहणं हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे. आवाज लवकर कमी होतात, उमेद उशिरा येते. आईला सांगा, दिवसाला एकच काम, ठरल्या वेळी. शेळीला पाणी दाखवणं चालेल. झालं तर "बरं झालं, माझी एक खेप वाचली" एवढंच म्हणायचं. नाही झालं तर विषय सोडायचा. सतत टोमणे आणि वादावादी चालणाऱ्या घरात आजार लवकर उलटतो, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. आणि आईला तासभर तरी घराबाहेर पडू द्या. देवळात जाऊ दे, बहिणीकडे जाऊ दे.

अजून एक, आणि हे टाळू नका. तुमची द्राक्षबाग आहे म्हणजे घरात फवारणीची औषधं असणार. ती कुलपात ठेवा, किल्ली आईकडे किंवा शेजाऱ्यांकडे. डिस्चार्जनंतरचे पहिले काही महिने जपायचे असतात. मनात जिवाचं काही येतं का, असं त्याला सरळ विचारलं म्हणून ते मनात येत नाही, उलट तो मोकळा होतो. रात्री-अपरात्री अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. तालुक्याच्या रुग्णालयात त्यांचा वार कधी असतो ते विचारून घ्या आणि डिस्चार्ज कार्ड दाखवून भावाचं नाव नोंदवा.

प्रतिसाद (मुलाचा सांभाळ करणारे वडील, सातारा)

सिस्टरांनी सगळं लिहिलंच आहे. मी एवढंच सांगतो की घरी येणारं माणूस मिळवा. आमच्या साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत यावर अभ्यास झाला होता, २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच भागातले लोक प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. ज्यांच्याकडे ते जात होते त्यांची रोजची कामं करण्याची क्षमता नुसत्या दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त सुधारली. थोडीच, पण घरच्यांना ती थोडी पुष्कळ असते. तुमच्या गावच्या आशाताईंशी बोला, आठवड्यातून एकदा डोकावल्या तरी आईला धीर येईल. तुम्ही स्वतः पिंपरीत आहात, तर पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. घरच्या लोकांसाठीच्या बैठकीची चौकशी करा. मला तिथे पहिल्यांदा मोकळं बोलता आलं.

धागाकर्ती

सिस्टर, काका, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर दोनदा वाचून दाखवला. बिडीचं डॉक्टरांना कळवलं, त्यांनी पुढच्या तारखेऐवजी या सोमवारीच बोलावलंय. फवारणीची औषधं चुलत्यांच्या शेडमध्ये कुलपात गेली. भाजीचा विषय संपला, गोळी आता आई समोर बसून देते.

आता एकच अडचण उरलीय. दर आठवड्याला त्याला एसटीने तासगावला नेणं आईला झेपत नाही, स्टँडवरच्या गर्दीत तो घाबरतो. त्या भागात घरी येऊन रक्त घेणारी लॅब कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि सिस्टर, सरकारी रुग्णालयातली टीम घरी येऊन रक्त घेते का, की त्यासाठी पेशंटला न्यावंच लागतं?